दोन कंपन्या एक झाल्या की आपल्या नंबराचं काय होतं?

रिचार्ज_काउंटर (धागाकर्ता)

पांढरकवड्याहून तेलंगणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बाजारगावात माझं दुकान आहे. रिचार्ज, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सगळं एकाच टेबलावर. पेपरात मोबाईल कंपनीची काही बातमी आली की दुसऱ्या दिवशी मी शटर उघडायच्या आधी दोन-चार जण पायरीवर बसलेले असतात. "भाऊ, माहा नंबर बंद होईन का?" बातमी खरी असो की व्हॉट्सॲपवरची, प्रश्न हाच असतो. काउंटरच्या अलीकडून मी जे पाहिलं ते एकदा नीट लिहावं म्हणून हा धागा. चुकलं तर दुरुस्त करा, तुमच्या गावात काय झालं तेही लिहा.

सगळा घोळ एकाच ठिकाणी होतो, म्हणून ते आधी सांगतो. एक कंपनी दुसरीत मिसळणं वेगळं आणि कंपनीने दुकान गुंडाळणं वेगळं. मिसळली तर नंबर, सिम, चालू पॅक हे सगळं तुम्ही काही न करता नव्या मालकाकडे जातं. गुंडाळली तर नंबर तुम्हालाच उचलून दुसरीकडे न्यावा लागतो आणि त्याला मुदत असते.

आपल्याकडे २०१७ ते २०१९ मध्ये दोन्ही झालं. रिलायन्स कम्युनिकेशन्सची कॉलसेवा डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला थांबली. एअरसेलने महाराष्ट्र धरून सहा सर्कलमधली (मोबाईल सेवेसाठी पाडलेले विभाग) सेवा जानेवारी २०१८ च्या अखेरीस बंद केली. ही झाली गुंडाळणं. टेलिनॉर मे २०१८ मध्ये एअरटेलमध्ये गेली, व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ ला एक झाल्या, टाटाची मोबाईल सेवा १ जुलै २०१९ ला एअरटेलकडे गेली. ही मिसळणं. दीड-दोन वर्षांत माझ्या दारावरचे स्टिकर एकामागून एक निघाले. पण गिऱ्हाईकाला या सगळ्या बातम्या सारख्याच वाटत होत्या. ज्यांना काहीच करायची गरज नव्हती ते घाबरून नवीन सिम घेऊन गेले, जुना नंबर फेकून दिला. आणि ज्यांनी लगेच हालचाल करायला पाहिजे होती ते "होईन काही तरी" म्हणून बसून राहिले.

एका मावशीचं अजून डोक्यातून जात नाही. निराधार योजनेचे पैसे बँकेत यायचे, खात्याला हाच नंबर. कंपनीचे सूचनेचे मेसेज आले होते, सगळे इंग्रजीत. मावशींना तर मराठीही वाचता येत नाही. त्या दुकानात आल्या तेव्हा मुदत कधीच उलटून गेली होती. नंबर गेला. पुढे तो दुसऱ्या कुणाला तरी मिळाला, कारण मी सहज लावून पाहिला तर एका अनोळखी मुलाने उचलला. मावशींच्या खात्यातल्या पैशांचे मेसेज त्या मुलाला जात होते. त्याने सरळ सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. खात्यावरचा नंबर बदलायला मावशींच्या बँकेत चार चकरा झाल्या, प्रत्येक वेळी एसटीने तालुक्याला.

तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो: कंपनी मिसळून रायली की बंद होऊन रायली?

निवृत्त_दूरसंचारवाला

चांगला धागा काढला. आयुष्य याच खात्यात गेलं, म्हणून थोडं तांत्रिक सांगतो.

विलीनीकरणानंतर जुनं सिम चालत कसं राहतं, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. सिममध्ये मूळ कंपनीचा एक कोड लिहिलेला असतो. फोन सुरू झाला की तो त्या कोडचा टॉवर शोधतो. दोन कंपन्या एक झाल्या की टॉवरवरची यंत्रणा अशी बसवतात की तिने दोन्ही कोडची सिमं ओळखावीत. म्हणून त्या दिवशी तुमच्या हातातला फोन बंद पडत नाही, फक्त वर दिसणारं नाव बदलतं. टाटाच्या ग्राहकांना तर व्यवहार पूर्ण व्हायच्या आधीपासूनच एअरटेलच्या जाळ्यावर घेतलं होतं, रोमिंगसारखी व्यवस्था करून.

मात्र काही महिन्यांनी "सिम बदलून घ्या" असा निरोप येतो. जुनं सिम टू-जी, थ्री-जीच्या काळातलं असतं, ४-जीला चालत नाही. ते बदलून घ्यावं, फुकट मिळालं तर आनंदच. पण कंपनीच्या अधिकृत दुकानातच बदला.

आणि एक. सेवा बंद करायची असेल तर परवान्याच्या अटीप्रमाणे कंपनीला सरकारला साठ दिवस आधी आणि ग्राहकांना तीस दिवस आधी कळवावं लागतं. तीस दिवस म्हणजे पेरणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत किती, हे तुम्ही जाणताच. तेवढ्यात कास्तकाराला वावरातून मान वर करायलाही फुरसत मिळत नाही.

वावरातला_माणूस

मी घाटंजी तालुक्यातला. आमच्या गावात दोन कंपन्यांचे टावर होते. एक गावठानात, दुसरं टेकाडावर, वावराकडच्या अंगाले. कंपन्या एक झाल्या आन् टेकाडावरचं सामान उतरवून नेलं. गावात रेंज फुल्ल, वावरात कायीच नायी.

आता तुमी म्हनसान वावरात फोन कायले पायजे. मोटरीच्या पेटीत मोबाईल स्टार्टर बसवलाय ना भाऊ. त्यात सिम असते. रातच्याले थ्री-फेज लाईन आली की घरूनच फोन लावाचा, मोटर चालू. रेंज गेली तवापासून रातच्या दोन वाजता मले नायीतर पोट्ट्याले बॅटरी घेऊन जा लागते. रानडुक्कर, साप, आन् आता त वाघायचंबी भेव वाढलं. कंपनीले फोन केला त पोरगी सांगते, "सर, आपके एरिया में नेटवर्क उपलब्ध है." गावात हाय म्हना, वावरात नायी. हे त्याईले कसं समजवाचं?

रिचार्ज_काउंटर

दादा, मोटरीच्या सिमचं बरं आठवण करून दिलं. हे मी वर लिहायला पाहिजे होतं. त्या सिमवर येणारे मेसेज कुणीच वाचत नाही! पेटीत बसलेलं सिम, त्याला स्क्रीन नाही, काही नाही. कंपनीने शंभर सूचना पाठवल्या तरी त्या पेटीतच राहतात. सिम बंद पडलं हे कळतं ते हरभऱ्याचं ओलित राहिलं की. माझ्या गिऱ्हाइकांची मोटरीची सिमं मी आता वहीत वेगळी लिहून ठेवतो, कोणाची, कोणत्या कंपनीची, रिचार्ज कधी संपतो.

दुसरं, हे स्टार्टर बहुतेक टू-जीवर चालतात. जिओ टू-जी चालवतच नाही. म्हणून त्या सिमसाठी आपल्यासमोर फार पर्याय नाहीत. नवीन पेटी घेणार असाल तर ४-जीची आहे का ते विचारूनच घ्या.

निवृत्त_दूरसंचारवाला

टेकडीवरचा टॉवर का गेला ते सांगतो. टॉवर बहुधा मोबाईल कंपनीचा नसतोच, टॉवर कंपनीचा असतो आणि मोबाईल कंपनी भाड्याने जागा घेते. दोन कंपन्या एक झाल्या की एका गावात दोन ठिकाणी भाडं, दोन ठिकाणी वीज, दोन ठिकाणी डिझेल कशाला, असा हिशेब होतो. नकाशावर दोन टॉवर जवळ दिसले की एक कमी करतात. तो हिशेब गावठाणातल्या डोक्यांवरून होतो. वावरात दिवसभर असलेला माणूस नकाशावर गावठाणातच झोपलेला दिसतो.

मला यात सगळ्यात खटकतं ते हे. विलीनीकरणाला परवानगी देताना सरकार बाजारातला वाटा मोजतं. २०१४ च्या नियमांप्रमाणे नव्या कंपनीचा वाटा ५० टक्क्यांच्या वर गेला तर तो एका वर्षात खाली आणावा लागतो. पण हे मोजतात सर्कलनुसार. आपलं सर्कल म्हणजे मुंबई सोडून अख्खा महाराष्ट्र आणि गोवा. पुणे, नाशिक, कोल्हापूर, पणजी आणि घाटंजी, सगळं एका पारड्यात. कागदावर सर्कलमध्ये चार कंपन्या उरतात आणि स्पर्धा शाबूत दिसते. ज्या गावात दोनच कंपन्यांची रेंज होती आणि नेमक्या त्याच दोन एक झाल्या, त्या गावात स्पर्धा संपली. ते कुठल्याच तक्त्यात येत नाही.

मेळघाटच्या_पायथ्याशी

आमच्याकडे उलटं झालं, तेही लिहितो म्हणजे धागा एकतर्फी नको व्हायला. परतवाड्याहून वर जाताना आधी माझा फोन घाटात मुका व्हायचा. कंपन्या एक झाल्यावर दुसऱ्या कंपनीचे दोन टॉवर आमच्या सिमला मिळाले. आता दोन वळणांवर बोलता येतं. बहिणीच्या बाळंतपणात १०८ ला फोन लागला तो तिथूनच. त्या वळणावरून गाडी गेली की अजूनही मी फोन काढून दांड्या पाहतो.

गडचिरोलीहून

आमच्या भामरागडकडच्या गावांत मिसळायला दुसरी कंपनीच नव्हती. जे आहे ते बीएसएनएल. तुमच्या चर्चेत आमच्या वाट्याला एवढंच.

पऱ्हाटी

मी हिंगणघाटकडची. शेती मीच पाहते, नवरा गेल्यापासून.

रेंज, पॅक हे सगळं आहेच, पण कास्तकाराचा नंबर आता सातबाऱ्यासारखा झाला आहे. पीएम किसानचं केवायसी, ई-पीक पाहणी, पीकविमा, महाडीबीटीवरचा ठिबकचा अर्ज, गॅस, बँक, पोरीच्या शाळेचा ग्रुप, सगळीकडे तोच नंबर. त्यातल्या प्रत्येक ठिकाणी ओटीपी येतो. माझा जुना नंबर यजमानांच्या नावावर होता. कंपनी बदलली, सिम बदलून घ्या म्हणाले, तर दुकानात सांगितलं, "ज्यांच्या नावावर आहे त्यांना घेऊन या." कसं आणू मी त्यांना?

शेवटी मृत्यूचा दाखला, माझं आधार, सगळं देऊन नंबर नावावर करून घेतला. दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत पीक पाहणीची मुदत होती. तलाठ्यांनी मदत केली म्हणून निभावलं.

ज्या घरात नंबर सासऱ्याच्या, नवऱ्याच्या, गावच्या दुकानदाराच्या नावावर आहे त्यांनी आजच नावावर करून घ्या. कंपनी एक होईपर्यंत थांबू नका. बायकांना तर हात जोडून सांगते.

रिचार्ज_काउंटर

ताई, वाचून हात थांबले. हे मी उद्याच दुकानात मोठ्या अक्षरात लिहून लावतो. दुकानदाराच्या नावावरची सिमं गावात खूप आहेत हेही खरं. पूर्वी कुणाच्याही कागदावर सिमं चालू करून दिली जायची. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते दिसतं. ज्यांना जमत नाही त्यांनी दुकानात यावं, मी पैसे घेणार नाही.

संत्रापट्टा

पैशाचं कोणी बोललं नाही अजून. वरूडला आमच्या घरी पाच सिमं आहेत. २००९ मध्ये टाटा डोकोमोने एक पैसा सेकंद काढलं होतं, तेव्हा सगळ्या कंपन्यांना खाली यावं लागलं. लाईफटाईम कार्ड घ्यायचं आणि वर्षानुवर्षं नुसतं इनकमिंग चालायचं. २०१८ च्या शेवटी ३५ रुपयांचा किमान रिचार्ज आला, जुलै २०२४ मध्ये २८ दिवसांच्या चांगल्या पॅकला १९९ झाले. त्याआधी तोच १७९ ला होता. २८ दिवस म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज. पाच सिमांचे पासष्ट. आईला फक्त फोन घ्यायचा असतो, तिच्या पॅकमधलं नेट एक कणही वापरलं जात नाही.

कंपन्या कमी झाल्या आणि भाव वाढले. यात लपवण्यासारखं काही नाही.

निवृत्त_दूरसंचारवाला

भाव वाढायला विलीनीकरण हे एकच कारण नाही. २०१६ मध्ये जिओ आली, महिनोन्महिने फुकट दिलं, त्या मारात छोट्या कंपन्या उभ्याच राहू शकल्या नाहीत. त्यातून विलीनीकरणं झाली. मग ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपन्यांनी सरकारला द्यायच्या थकबाकीचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि डिसेंबरात खासगी कंपन्यांनी दर वाढवले. पण तुमचं म्हणणं मुळात बरोबर आहे. गिऱ्हाइकाला जायला दुसरं दुकान उरलं नाही की भाव ठरवणाऱ्याचा हात सैल राहत नाही.

आईंसाठी: डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम केला की नेट नसलेला, फक्त कॉल आणि मेसेजचा पॅक प्रत्येक कंपनीने ठेवायचाच. मुदतही ३६५ दिवसांपर्यंत देता येते. दुकानदार स्वतःहून सांगत नाहीत, नाव घेऊन मागावा लागतो. मोटरीच्या सिमलाही तोच सोयीचा.

आणि एक हक्क कुणाला माहीत नसतो. तुम्ही एखादा टॅरिफ प्लॅन घेतला की पहिले सहा महिने कंपनीला तो तुमच्या तोट्याचा करता येत नाही, मालक बदलला तरी. सहा महिन्यांनंतर मात्र तो मागे घेऊ शकतात.

पुण्याहून_लिहितो

मी मूळचा दारव्ह्याचा, इथे कंपनीत आहे. बाबा गावी एकटेच. त्यांच्या सिमला घरात रेंज उरली नाही, अंगणातल्या लिंबाखाली उभं राहून बोलतात. पावसाळ्यात बोलणंच होत नाही. दुसऱ्या कंपनीत नंबर न्यायचा आहे. मी पुण्यात असताना त्यांना जमेल का? आणि विदर्भाचं सर्कल वेगळं असतं ना?

रिचार्ज_काउंटर

नाही दादा, विदर्भ वेगळं सर्कल नाही, काकांनी वर लिहिलं तसं पुणे-दारव्हा एकच. मुंबईचं तेवढं वेगळं.

बाबांच्या फोनवरून मेसेज टाकायचा: इंग्रजीत पोर्ट हा शब्द, जागा सोडून त्यांचा दहा आकडी नंबर, आणि १९०० ला पाठवायचा. आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. आपल्या सर्कलमध्ये कामाच्या तीन दिवसांत होतं. कंपन्यांमधलं शुल्क सहा रुपये शेहेचाळीस पैसे आहे, शंभर-दोनशे मागितले तर देऊ नका. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले पाहिजेत. आणि मागच्या सात दिवसांत सिम बदललेलं असेल तर कोड मिळत नाही, हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे. पॅकमध्ये मेसेज नाहीत म्हणून पुष्कळ जण थांबतात, पण पोर्टचा मेसेज कुठल्याही पॅकवरून गेला पाहिजे असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे.

मुख्य म्हणजे आधी शेजाऱ्याचा फोन बाबांच्या खोलीत नेऊन पाहा, ज्या कंपनीत जायचं तिची रेंज तिथे येते का. फक्त दुकानात रेंज पाहून ठरवू नका. आणि आधीचा बॅलन्स नव्या कंपनीत येत नाही, तो आधी संपवा.

धानपट्टा

एक धोका लिहायचा राहिला. विलीनीकरणाची बातमी आली की भामट्यांचे फोन सुरू होतात. "तुमचं सिम आज रात्री बंद होणार, केवायसी करा, ओटीपी सांगा." आमच्या साकोलीकडे एका गुरुजींची पेन्शन यातच गेली. कंपनी फोनवर ओटीपी मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकं परत मिळणं कठीण.

वावरातला_माणूस

काका, माह्या टेकाडाच्या टावरचं काय? तक्रार कुठी कराची? ट्रायले लिहू का?

निवृत्त_दूरसंचारवाला

ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही भाऊ. आधी १९८ ला फोन करा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका. तोंडी आश्वासन म्हणजे काही नाही. निकालाने समाधान नाही झालं तर तीस दिवसांत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अर्ज करा, त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. सोबत केंद्राच्या तक्रार पोर्टलवरही टाका, ती दूरसंचार विभागाकडे जाते. ग्राहक आयोगात मोबाईलच्या तक्रारी चालत नाहीत असं पूर्वी सांगायचे. सुप्रीम कोर्टाने १६ फेब्रुवारी २०२२ ला स्पष्ट केलं की चालतात. यवतमाळला जिल्हा आयोग आहे.

एकट्याने करू नका. ज्यांच्या वावरात रेंज गेली त्या सगळ्यांचे नंबर, गट क्रमांक आणि कोणत्या तारखेपासून रेंज नाही हे एका कागदावर लिहा. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. टॉवर परत उभा राहील असं वचन मी देत नाही. पण कंपनीच्या नकाशावर तुमची वावरं दिसायला लागतील. मसुदा मी लिहून देतो, इथेच टाकतो.

वावरातला_माणूस

बारा जनं झाले काका. उद्या आनखी चार येतात म्हने. गट नंबर तलाठ्याकडून घेतो.

पऱ्हाटी

काका, मसुद्यात मोटरीच्या सिमांचा वेगळा रकाना ठेवाल का? आमच्या शिवारातही सात पेट्या आहेत. आम्हीही आमच्या ग्रामपंचायतीतून पाठवू.

निवृत्त_दूरसंचारवाला

ठेवतो ताई. रविवारपर्यंत टाकतो.

पुण्याहून_लिहितो

बाबांचं काम झालं. शेजारच्या काकूंचा फोन खोलीत नेऊन पाहिला, तीन दांड्या आल्या, तीच कंपनी घेतली. शुक्रवारी कोड, मंगळवारी सिम चालू. काल रात्री पाऊस सुरू असताना फोन आला. पाठीमागे पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता आणि ते अंथरुणात पडूनच बोलत होते.